फोनचा सातबारा

कोकणात जमीन विकणं आणि फोन बदलणं या दोन गोष्टी एकट्याच्या मर्जीने होत नाहीत. जमिनीचं सगळ्यांना माहीत आहे, एवढासा तुकडा आणि सातबाऱ्यावर सत्तावीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला, काही वारलेली आणि एक कोण ते कुणालाच सांगता येत नाही. फोनचंही तसंच असतं हे मला गेल्या पावसाळ्यात कळलं. जेवताना मी नुसतं एवढंच म्हटलं की फोन बदलावा म्हणतोय.

आईने आमटीतून डोकं वर न काढता विचारलं, "चलता मा तुजो? मग नवो कित्याक होयो?"

बायकोने मात्र हे विचारलं नाही. ती म्हणाली, "अहो, मग तुमचा मला. माझा आईंना देऊ, त्यांना दशावतार बघायला मोठी स्क्रीन लागते." म्हणजे आईचा मोकळा झाला. तो अण्णांना, हे न बोलताच ठरलं, कारण अण्णा, म्हणजे माझे चुलते, आमच्याच घराच्या पलीकडच्या अर्ध्या भागात राहतात, मधली भिंत मातीची आहे आणि ती वर छपरापर्यंत पोचत नाही. मी अजून मॉडेलचं नावसुद्धा घेतलं नव्हतं आणि पलीकडून आवाज आला, "अरे माजा व्हाट्सप बंद पडला हा, तू कधी घेतंस ता आधी सांग."

अण्णांचं खरं होतं. त्यांचा फोन अँड्रॉइड ४.४ चा, किटकॅटच्या जमान्यातला, आणि १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲपने त्या व्हर्जनचा सपोर्टच बंद केला. तेव्हापासून त्यांना रोज सकाळचे देवांचे फोटो मिळत नाहीत आणि (हे जास्त गंभीर) पाठवताही येत नाहीत. आता एवढ्या लोकांचा जीव माझ्या एका निर्णयात अडकलेला म्हटल्यावर मी काय शांत डोक्याने मॉडेल निवडणार.

बरं, माझा फोन अगदीच गेलाय असंही नाही. २०२० मध्ये लॉकडाऊनला पोराच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला, पोरगा छत्री घेऊन सड्यावर जाऊन बसायचा कारण रेंज तिथेच. आता बॅटरी दुपारपर्यंत टिकते, स्टोरेज कायम फुल असतं, आणि चार्जिंगच्या भोकात खाऱ्या हवेने हिरवट कायतरी धरलंय, त्यामुळे पिन एका ठराविक कोनात घालून वर अडकित्ता ठेवला की मगच चार्ज होतो. आमच्या घरात सगळे चार्जर त्याच जुन्या पिनचे, एकाही खोलीत टाईप सी नाही.

पण खरी मजा पावसात. हे टचस्क्रीन बोटातून जाणाऱ्या बारीकशा विजेच्या अंदाजावर चालतं आणि पाण्याचा थेंबही त्याला बोटच वाटतो. आता देवगडात वर्षाला दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, तो सगळा चार महिन्यांत, म्हणजे केवढी बोटं झाली बघा. भर पावसात कलमांच्या बागेतून येताना माझ्या खिशातल्या फोनने आपणहून सरपंचांना व्हिडिओ कॉल लावला, त्यांना पलीकडे बराच वेळ फक्त माझ्या लेंग्याचं अस्तर दिसत होतं आणि त्यांनी ते शेवटपर्यंत बघितलं, हे मला त्यांनीच ग्रामसभेत सांगितलं.

तर मी अभ्यासाला लागलो. खळ्याच्या ज्या कोपऱ्यात फोरजी येतं तिथे खुर्ची टाकून यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघायचे. त्यातली पोरं फोनचा बॉक्स असा उघडतात की जणू बारशाला आलेत, आणि बोलायला लागली की थांबत नाहीत. त्यातून कळलेलं ज्ञान असं की १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा रोजच्या सेटिंगला नऊ-नऊ पिक्सेल एकत्र बांधून साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो काढतो, उजेड कमी असला तरी बरा यावा म्हणून, सगळे १०८ पाहिजे असतील तर वेगळा मोड शोधायचा. मग तो १२ चा फोटो मी गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवणार आणि व्हॉट्सॲप तो आणखी चेपून पाठवणार. शिवाय आंब्याच्या धंद्यात चांगला कॅमेरा हा फायदाच असतो असं मला वाटत नाही. माझ्या आत्ताच्या फोनमध्ये प्रत्येक हापूस गुळगुळीत आणि तेजस्वी येतो. भाचीच्या फोनवर काढून बघितला तर थ्रिप्स नावाच्या किडीचा एकेक ओरखडा मोजता येत होता. पुण्याची गिऱ्हाइकं आधीच विचारतात हा डाग कसला, त्यांना मी स्वतःहून झूम करून का दाखवू?

आयपी ६८ चं मात्र मला खरंच आकर्षण होतं. वॉटरप्रूफ! मग नीट वाचलं तर ती परीक्षा गोड्या पाण्यात घेतात, बहुतेक कंपन्यांची हमी दीड मीटर खोल आणि अर्धा तास एवढीच, खाऱ्या पाण्याचं नाव नाही, आणि पाणी शिरून बिघडला तर वॉरंटीत बसत नाही हे खाली बारीक अक्षरात. विहिरीत पडला तर चालेल (आमची विहीर दीड मीटर नाही, पण असो), समुद्रात पडला तर तुमचं नशीब.

फाईव्हजी देशात १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. आमच्या वाडीत त्यावर अजून चर्चा सुरू आहे.

सगळ्यात मोठा घोळ अपडेटवरून झाला. आता एक-दोन कंपन्या वरच्या मॉडेलना ७ वर्षं अपडेट देणार म्हणतात, २०२३-२४ पासून. मला वाटलं हे तरी सगळ्यांना पटेल, एकदाच पैसे घालायचे आणि ७ वर्षं बघायला नको. अण्णांनी भिंतीपलीकडून हिशोब मांडला, "तू सात वर्सां वापरतलंस, मगे तुजी बायल वापरतली, मगे वयनी. माज्या हातात येयसर मी आसतलंय काय?" बिनतोड. फोन जेवढा टिकाऊ तेवढं वारसांचं नुकसान, हे कुठल्याच रिव्ह्यूवाल्याने सांगितलेलं नाही.

मग मेहुणे म्हणाले थांबा, जीएसटी कमी होतोय. थांबलो. २२ सप्टेंबर २०२५ ला मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आले, आणि मोबाईल? तो २०२० मध्येच १२ वरून १८ ला नेऊन ठेवलेला, तो तिथेच बसून राहिला. मेहुण्यांनी टीव्ही घेतला.

शेवटी एकदा कणकवलीला दुकानात गेलोच. तिथला पोरगा गोड बोलतो, काका काका करतो, पाणी देतो. नो कॉस्ट ईएमआय म्हणाला. मी म्हटलं व्याज कोण भरतंय, तर हसला. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलेलं की शून्य टक्के व्याज वगैरे काही नसतं, म्हणजे ते कुठेतरी लपवलेलं असतं, रोख घेतला तर मिळणारा डिस्काउंट जातो किंवा प्रोसेसिंग फी लागते. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने दिलेलं पाणी काढून घेतलं नाही एवढंच. मग म्हणाला, जुना एक्सचेंजला द्या. माझा फोन उजेडात धरून तिरका केला, भोकात फुंकर मारली आणि किंमत सांगितली, नऊशे रुपये.

नऊशे रुपयांचं नंतर बघू, पण तो देणार कसा? बायकोची संमती नाही, आईचा हिस्सा लटकतो, अण्णा तर सरळ मनाई हुकूम आणतील. मी फोन खिशात घातला आणि घरी आलो. आई म्हणाली, "बगलंस? मी सांगी होतंय."

त्यानंतर मोहोर आला, फवारण्या आल्या, थ्रिप्स आलेच, आणि फोनचा विषय मागे पडला. म्हणजे माझ्यापुरता. अण्णा मधूनमधून भिंतीवर काठी वाजवायचे.

यंदा मे महिन्यात मुंबईहून दादा आला, आंबे खायला आणि न्यायला. रात्री पडवीत बसलो असताना त्याने बॅगेतून एक फोन काढून माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, "घे, माझा जुना. मी नवीन घेतला. कधीपासून म्हणतोयस ना." फाईव्हजी, आयपी ६८, १०८ मेगापिक्सेल, सगळं त्यात. म्हणजे एवढे दिवस मी स्वतःला मूळ मालक समजत होतो आणि दादाच्या उताऱ्यावर माझंही नाव वारस म्हणून लागलेलंच होतं, फक्त मला नोटीस आली नव्हती.

पाच मिनिटांत फेरफार झाला. माझा बायकोकडे, तिचा आईकडे, आईचा घेऊन पोरगा पलीकडे पळाला, आणि थोड्याच वेळात माझ्या फोनवर अण्णांकडून गणपतीचे ओळीने अकरा फोटो आले. दुसऱ्या दिवशी दादाने चार पेट्या हापूस गाडीत चढवल्या, उत्तमातल्या, मीही काही बोललो नाही, फोनच्या मानाने स्वस्तच. गाडी सुरू झाली तेव्हा नवीन फोनची बॅटरी ४ टक्के दाखवत होती. मी काचेतून ओरडलो, "दादा, याचा चार्जर? टाईप सी आहे हा!"

दादा म्हणाला, "अरे तो मलाच लागेल रे. हल्ली नव्या फोनच्या बॉक्समध्ये चार्जर देत नाहीत."