शाकाहारी कोंबडी आणि तीन आकडे

आई तीन महिन्यांसाठी न्यू जर्सीला आलीय. परवा अंडी आणायला तिला सोबत नेलं आणि दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला.

इथल्या दुकानात अंड्यांनी भरलेली अख्खी भिंत असते. आईनं एक खोका उचलून माझ्यापुढे धरला, "वाच." मी वाचलं, 'व्हेजिटेरियन फेड'.

"म्हणजे कोंबडी शाकाहारी?"

"हो, तिच्या खाद्यात मांसमच्छी नसते."

"अगं, आपल्या कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरून किडे खायच्या. ही बिचारी उंबऱ्याबाहेर पडतच नसणार!"

इतकी वर्षं मी हे लेबल बघून जास्तीचे पैसे मोजत होते आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मोकळी हिंडणारी कोंबडी किडे खाणारच की!

माझं आता ठाम मत झालंय, खोक्यावर जे जितकं मोठ्या अक्षरात तितकं ते बिनकामाचं. 'फार्म फ्रेश'ला काही अर्थ नाही. 'हार्मोन नाहीत' वाचून बरं वाटतं, पण अमेरिकेत कोंबड्यांना हार्मोन द्यायला कायद्यानंच बंदी आहे, म्हणजे ते कुठल्याच अंड्यात नसतात. तपकिरी कवच कोंबडीच्या जातीवरून येतं, त्यात जास्त पौष्टिक काही नाही. 'केज फ्री' म्हणजे पिंजरा नाही एवढंच, जन्मभर शेडमध्ये असू शकते. 'फ्री रेंज'मध्ये बाहेर जायची सोय असते. ती किती जाते, ते तिचं तिला माहीत.

आणि ग्रेड. 'एए' म्हणजे कोंबडी सुखात वाढली असा माझा कितीतरी दिवस समज होता. ग्रेडचा कोंबडीच्या आयुष्याशी संबंधच नाही. कवच स्वच्छ आणि अखंड आहे का, पांढरं घट्ट आहे का, पिवळं गोल उभं राहतं का, एवढंच बघतात. 'एए' सगळ्यात घट्ट, 'ए' जरा कमी, 'बी'चं पांढरं पातळ, ते दुकानात क्वचितच दिसतं. न फोडता तपासायला अंडं उजेडासमोर धरतात. हे सांगितल्यावर आई म्हणाली, "मग त्यात काय नवीन? तुझी आजी खुडूक कोंबडीखालची अंडी बॅटरी लावून बघायची की." (आजीनं त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. इथे कंपन्या स्वखुशीनं सरकारी खात्याला पैसे देऊन ग्रेडचा शिक्का घेतात.) 'लार्ज' हे डझनाच्या वजनावरून ठरतं, किमान २४ औंस, म्हणजे साधारण ६८० ग्रॅम. केकच्या इथल्या कृतींमध्ये बहुतेक हीच अंडी धरलेली असतात.

मग कामाचं काय? खोक्याच्या कडेला, फिकट शाईत, तीन आकडे. ००१ ते ३६५. वर्षाच्या कितव्या दिवशी अंडी भरली तो दिवस. त्याच्या आसपास 'पी'नं सुरू होणारा आकडा असतो, तो पॅकिंग केंद्राचा.

त्या दिवशी ७ मार्च होता. एकाच कंपनीचे, एकाच भावाचे, दोन्ही 'एए' असे दोन खोके शेजारी शेजारी होते. एकावर ०६१, म्हणजे २ मार्च. दुसऱ्यावर ०३८, म्हणजे ७ फेब्रुवारी. चार आठवडे जुना! ग्रेड अंडी भरताना ठरते, पण चार आठवड्यांनी पांढरं पातळ व्हायला लागलेलं असतं. मी ०६१ उचलला, झाकण उघडून एकेक अंडं बोटानं फिरवून पाहिलं. तळाशी चिकटलेलं अंडं म्हणजे खाली तडा.

बिलाच्या रांगेत उभ्या होतो, तर आई म्हणे, "तो जुनाही घे."

"कशाला?"

"उद्या अंडाकरी करायचीय ना? ताजी अंडी उकडून सोलायला बसलीस तर अर्धं पांढरं सालाबरोबर जाईल."

खरं आहे. अंडं जुनं होतं तसा कवचाच्या छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि साल सुटायला सोपी जाते. मुदत अजून होती, फ्रीजमध्येच होतं सगळं. मी रांग सोडून ०३८ आणायला परत गेले. कुणीतरी आधीच उचलून नेला होता.