चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याचा ओटा रात्री साडेनऊला भरतो. काल बापूला युनिसेफचा तो आकडा कुणीतरी तिसऱ्यांदा पाठवला होता, जगातली शाळकरी वयाची 9.4 टक्के पोरं लठ्ठ आणि 9.2 टक्के कमी वजनाची, त्यामुळे विषय शोधावा लागला नाही.

"सगळ्याचं मूळ हे!" बापूनं मोबाइल हवेत नाचवला. तेवढ्यात तो वाजला, म्हणून परत डोळ्यांपुढे धरला. उरलेलं वाक्य दोन मिनिटांनी आलं. "आमच्या वेळी पोरं खेळायची."

बापू वाड्याचा सेक्रेटरी. वय अडुसष्ट, पोट केव्हाच सज्ञान झालेलं. 'आमच्या वेळी' म्हटलं की त्याची गाडी ठरलेल्या स्टेशनांवर थांबत जाते. पहिलं स्टेशन इथला जुम्मादादा व्यायाम मंदिराचा आखाडा आणि तो चालवणारे प्रोफेसर माणिकराव. दुसरं, हुतुतूच्या नियमांचं पुस्तक 1923 साली काढलं ते आपल्या हिंद विजय जिमखान्यानं. तिसरं, व्यायाम ज्ञानकोशाचे दहाच्या दहा खंड बडोद्याचे. हे सगळं खरं आहे आणि मिरवण्यासारखंही आहे. फक्त बापू स्वतः आखाड्यात तीनच दिवस गेला. चौथ्या दिवशी माती खणायला सांगणार हे कळल्यावर त्याला पहाटेच ताप भरला.

शेवटचं स्टेशन 1947ची रणजी फायनल. समोर होळकरांचा संघ, आपल्याकडून हजारे 288, गुल मोहम्मद 319, भागीदारी 577 धावांची. बापूच्या वडिलांनी ती बघितली होती म्हणे.

"दोन वर्षांपूर्वी ते लंचपर्यंतच होते," मन्या म्हणाला. "यंदा पूर्ण भागीदारी बघून आले. पुढच्या वर्षी बॅटिंगलाच उतरतील."

मन्या आमच्यातला सगळ्यात धाकटा, छत्तीसचा, चार वर्षांच्या मुलाचा बाप. त्याच्यावर बापू लगेच उलटला. "तू बोलू नको. तुझा अर्णव रोज किती तास मोबाइल बघतो ते सांग आधी."

"काका, आम्ही दोघं घरात शिरतो आठला. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत त्याला काय सांगू, जा, गेंडीगेटपर्यंत पळून ये?"

मी गप्प होतो. माझं स्वतःचं घर या बाबतीत काचेचंच आहे. नात तीन वर्षांची. ताटात वरणभात, तांब्याला टेकवून मोबाइल उभा. चित्र हलतंय तोवर घास चावला जातो. जाहिरात लागली की चावणं थांबतं, घास गालात तसाच. मग हाताला भात लागलाय म्हणून पोर मनगटानं जाहिरात स्किप करते आणि पुन्हा चावायला लागते. हे तिला कुणी शिकवलं नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कौतुक वाटलं होतं, मी तर त्याचा व्हिडिओ काढून गावभर पाठवला. तो गुन्हा काल मी ओट्यावर कबूल करून टाकला.

"आणि पोट भरलं हे कसं कळतं तिला?" वरून आवाज आला.

मंदावहिनी. त्या ओट्यावर येत नाहीत, गॅलरीत कपडे वाळत घालतात. अर्धा तास एकच चादर झटकत असल्या की समजावं, खालचं सगळं ऐकू येतंय. वीस वर्षं बालवाडी चालवलेली, लेक मुलांची डॉक्टर. त्यांच्यापुढे आम्ही सगळे बालवाडीतच.

"कळत नाही," मी म्हणालो. "एपिसोड संपला की जेवण संपतं."

"तेच तर. अमेरिकेत, सॅन होजेला, दोन शाळांमध्ये करून बघितलं होतं, 1999 साली छापून आलंय. तिसरी-चौथीची पोरं. एका शाळेत टीव्ही कमी करायला शिकवलं, दुसरीत नाही. टीव्ही कमी झालेल्या पोरांचं वजन कमी वाढलं. पण गंमत अशी, की ती पोरं जास्त धावायला लागली असं काही दिसलं नाही. टीव्हीपुढे जेवणं मात्र कमी झालं."

बापूला यातलं फक्त 'धावायला लागली नाहीत' एवढं ऐकू आलं. "म्हणजे खेळून उपयोग नाही?"

"भाऊजी, तुम्ही शाळेतही शेवटचा बाकच निवडला असणार."

मग त्यांनी हिशेबच मांडला. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच. दोन ते पाच फार तर एक तास, शेजारी मोठं माणूस बसून, आणि त्याहून कमी झाला तर बरंच. हे आपल्याच बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, 2021चं. डब्ल्यूएचओचं 2019चं याच्याशी जुळतंच, वर तीन-चार वर्षांच्या पोराला दिवसात तीन तास हालचाल हवी, त्यातला एक तास चांगली धाप लागेल अशी, आणि झोप दहा ते तेरा तास.

"तीन तास!" बापू उसळला. "मग पोर शिकणार कधी?"

"चार वर्षांचं पोर, भाऊजी. ते यूपीएससीला बसलेलं नाही."

"आणि तीन तास खेळणार कुठे?" असं मन्या अगदी सहज म्हणाला आणि मान मागे वळवली. आम्हीही वळवली. वाड्याच्या चौकात बापूची गाडी, मन्याची गाडी, दोन ॲक्टिव्हा आणि वरच्या भाडेकरूची बुलेट. त्यांच्या डोक्यावर भिंतीला निळा पत्रा, गुजरातीत एकदा, मराठीत एकदा: चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून. 'हुकमावरून' म्हणजे बापू. त्याच्या गाडीची मागची काच फुटली त्याच आठवड्यात पेंटर आला होता.

बापू म्हणाला, तो बोर्ड मोठ्या मुलांसाठी आहे. मन्या म्हणाला, अर्णवला अजून वाचता येत नाही म्हणून तो नियमात बसत नाही बहुतेक. बापू म्हणाला, पोलो ग्राउंड काय लांब आहे का? त्यावर सगळ्यांनीच त्याला घेतलं, कारण हा माणूस ओट्यावरून समोरच्या पानवाल्याकडे ॲक्टिव्हानं जातो.

आतापर्यंत जयेश शांत होता. त्याचं फरसाणचं दुकान आहे, त्यामुळे वजनाचा विषय निघाला की तो आकाशातले तारे मोजतो. पण काल बोलला. "शांती राखा ने यार. माझ्या दुकानामागच्या वस्तीत पोरं बघा, हाडं मोजता येतात. आणि तुम्ही लठ्ठ-लठ्ठ करता. हा श्रीमंतांचा रोग."

मला वाटलं, आता वहिनी त्याला सोलणार. पण त्या म्हणाल्या, "जयेशभाई बरोबर बोलले." जयेश घाबरलाच. "सरकारचाच सर्व्हे आहे. 2019 ते 21मध्ये पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस पोरं वयाच्या मानानं बुटकी. आणि त्याच सर्व्हेत जास्त वजनाची 2.1 टक्क्यांवरून 3.4वर गेली. दोन्ही एकाच देशात, कधी एकाच गल्लीत. पण पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट दोन्हीकडे पोचतं, भाई. वस्तीतल्या आईला ते डाळीपेक्षा स्वस्त पडतं, इथल्या आईला ते सोपं पडतं."

"मी ताजं तळतो," जयेश पुटपुटला.

"आणि बारीक दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका. पुण्याच्या केईएममधले डॉक्टर याज्ञिक किती वर्षं सांगतायत, आपली बाळं जन्मतः वजनाला हलकी, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त. नुसतं डोळ्यांनी बघून गुटगुटीत की हडकुळं ठरवायचं नसतं. उंची, वजन, वय, तक्ता. मी बालवाडीत दर तीन महिन्यांनी..."

'गुटगुटीत' हा शब्द त्यांनी उच्चारायला नको होता. बापू ताठ बसला. बापूला तो दोन वर्षांचा असताना सुदृढ बालक स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालंय. पदक हरवलं, फोटो आहे. दिवाणखान्यात, देवांच्या शेजारी, काळा-पांढरा, कमरेला करगोटा आणि बाकी काही नाही.

"त्या परीक्षकांनी तक्ता बघितला असता ना, काका," मन्या म्हणाला, "तर तुम्हाला बक्षिसाऐवजी डायटिशियनकडे पाठवलं असतं."

"माझ्या अंगावर बाळसं होतं!"

"होतं म्हणजे? ते गेलं कधी?"

जयेश इतका हसला की त्याला ठसका लागला. चर्चा तिथेच संपली असती, पण बापूला उट्टं काढायचं होतं. तो वर बघून म्हणाला, "वहिनी, बोर्ड माझा, कबूल. पण बोर्डाच्या आधी? पोरांचे बॉल तुमच्या गॅलरीत गेले की परत यायचे का? सांगा की."

चादर थांबली.

"माझा हिरवा टेनिस बॉल!" मन्या उभाच राहिला. "पाचवीतला! तुम्ही म्हणाला होतात, मला दिसलाच नाही!"

"कुंड्या फोडायचात तुम्ही," वहिनींचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "तुळस मोडली होती एकदा."

त्या आत गेल्या. माळ्यावर डबे सरकवल्याचा आवाज आला. परत आल्या त्या हातात पिशवी घेऊन. अकरा बॉल होते, आम्ही नंतर मोजले. त्यातला एक त्यांनी वरून टाकला. पंचवीस वर्षांत त्यावरची लव झडली होती आणि रबर दगड झालं होतं. तो 'ठक्' करून फरशीवर पडला, उसळलाच नाही, आणि घरंगळत बापूच्या गाडीखाली गेला.

बापू मोबाइलची टॉर्च लावून गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. अर्धा गाडीखाली, अर्धा बोर्डाखाली. हात पोचत नव्हता, आणि बाहेरही येता येईना. मन्या आणि जयेशनं एकेक पाय धरला. वरून वहिनी सांगत होत्या, भाऊजी, श्वास सोडा, श्वास सोडा.

बॉल काही निघाला नाही. तो आउट धरायचा की डेड बॉल, यावर साडेअकरा वाजले.