स्ट्रासबर्गचा हात आणि बुमराहची पाठ

४ ऑगस्ट २०२५ रोजी भारताने इंग्लंडविरुद्धची ओव्हलची कसोटी ६ धावांनी जिंकली आणि मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली, त्या दिवशी श्रीरामपूरहून दादाचा फोन आला. मोहम्मद सिराजने पाचही कसोटी सामने खेळून १८५.३ षटके टाकली आणि २३ बळी घेतले. जसप्रीत बुमराह मात्र आधीच ठरल्याप्रमाणे तीनच सामने खेळला, आणि भारताने जिंकलेल्या दोन्ही सामन्यांत तो नव्हता. दादाचे म्हणणे थोडक्यात असे होते, की देशासाठी खेळायचे तर सिराजसारखे खेळावे, नाही तर जागा रिकामी करावी. त्याच सुमारास सुनील गावसकरांनीही भारतीय क्रिकेटच्या शब्दकोशातून ‘वर्कलोड’ (खेळाडूवर पडणारा खेळाचा भार) हा शब्द निघून जावा, अशी इच्छा व्यक्त केली आणि सीमेवरचा जवान थंडीची तक्रार करतो का, असे विचारले. आमच्या घरात गावसकरांचा शब्द खाली पडू दिला जात नाही. तरीही या एका प्रश्नावर मला दादाशी आणि गावसकरांशीही आदरपूर्वक मतभेद नोंदवायचा आहे, कारण हाच वाद मी इथे वॉशिंग्टनच्या शेजारी, व्हर्जिनियात राहून, शेवटपर्यंत चाललेला पाहिला आहे.

तो वाद बेसबॉलमधल्या स्टीफन स्ट्रासबर्ग या पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचा होता. सॅन डिएगोच्या या मुलाला २००९ साली वॉशिंग्टन नॅशनल्स या संघाने नवोदितांच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतले आणि दीड कोटी डॉलरहून अधिक रकमेचा करार केला. तोवर कोणाही नवोदिताला एवढी रक्कम मिळाली नव्हती. ८ जून २०१० रोजी पिट्सबर्ग पायरेट्सविरुद्ध तो पहिला सामना खेळला. त्याचा चेंडू ताशी १०० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरपर्यंत जात होता, आणि त्या संध्याकाळी त्याने सात इनिंगमध्ये (बेसबॉलची एक इनिंग म्हणजे तीन फलंदाज बाद होईपर्यंतचा खेळ) १४ फलंदाजांना तीन-तीन स्ट्राइकवर, म्हणजे चेंडू मारूच न देता, परत पाठवले. पुढचे काही आठवडे तो ज्या दिवशी खेळणार, त्या दिवशी आमच्या कचेरीत दुपारपासून दुसरा विषय नसे. बेसबॉल मला तेव्हा धड कळतही नव्हता, पण गाव एखाद्या गोलंदाजाच्या प्रेमात पडते म्हणजे काय होते, हे मला झहीर खानच्या श्रीरामपुरात वाढल्यामुळे ओळखता येत होते. अडीच महिन्यांनी, २१ ऑगस्टला, फिलाडेल्फियात एक चेंडू टाकून त्याने हात झटकला. कोपराचा अस्थिबंध, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा पट्टा, फाटला होता.

इथे खेळाची थोडी तांत्रिक बाजू सांगणे आवश्यक आहे, कारण वादाचे मूळ तिच्यातच आहे. क्रिकेटचा वेगवान गोलंदाज हात सरळ ठेवून चेंडू टाकतो, त्यामुळे त्याचा सगळा भार पुढचा पाय आपटताना कमरेच्या मणक्यांवर येतो आणि तिथे बारीक भेगा पडतात. पिचर कोपर वाकवून ते झटक्यात सोडतो. त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर जवळजवळ तुटेपर्यंतचा ताण येतो. १९७४ साली लॉस एंजेलिस डॉजर्सचा टॉमी जॉन याचा हा अस्थिबंध तुटला, तेव्हा डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला एक स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला. १९७५चा संपूर्ण हंगाम त्याला न खेळता काढावा लागला. त्यानंतर तो वयाच्या ४६व्या वर्षापर्यंत खेळला; त्याने जिंकलेल्या २८८ सामन्यांपैकी १६४ त्या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. स्ट्रासबर्गवर सप्टेंबर २०१० मध्ये तीच झाली आणि बरोबर एका वर्षाने तो परतला.

२०१२ हा त्याचा त्यानंतरचा पहिला पूर्ण हंगाम होता. संघाचे सरव्यवस्थापक माइक रिझो यांनी सुरुवातीपासूनच सांगून ठेवले होते, की स्ट्रासबर्ग सुमारे १६० इनिंग टाकेल आणि थांबेल, मग संघ तक्त्यात कुठेही असो. आदल्या वर्षी जॉर्डन झिमरमन या दुसऱ्या पिचरला त्यांनी याच रीतीने थांबवले होते. पण त्या वर्षी संघाने ९८ सामने जिंकले आणि वॉशिंग्टनला अनेक दशकांनंतर बाद फेरी दिसू लागली. लोकांनी रिझोंना भित्रे म्हटले, विजय उंबरठ्यावर असताना सर्वोत्तम योद्ध्याला घरी बसवणारा सेनापती म्हटले. ८ सप्टेंबरला, १५९ इनिंग आणि एका तृतीयांशावर, त्यांनी त्याला थांबवले. आपल्याला हे पटलेले नाही, हे स्ट्रासबर्गने लपवले नाही. महिन्याभराने बाद फेरीत सेंट लुइसविरुद्धच्या निर्णायक सामन्यात ६-० अशी आघाडी घेऊनही नॅशनल्स ९-७ असे हरले, आणि त्या रात्री शहरात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच वाक्य होते: स्ट्रासबर्ग असता तर.

सात वर्षे हे वाक्य टिकले. मग २०१९ साली स्ट्रासबर्गने आपल्या लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे २०९ इनिंग टाकल्या, बाद फेरीत पाच सामने जिंकले, ह्यूस्टनमध्ये अंतिम मालिकेचा सहावा सामना जवळजवळ एकट्याच्या बळावर काढला आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वॉशिंग्टनला १९२४ नंतर प्रथमच विजेतेपद मिळाले. तेच लोक म्हणू लागले, की रिझो द्रष्टे होते. डिसेंबरमध्ये त्याच्याशी सात वर्षांचा २४ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाला, आणि त्या करारात तो केवळ आठ सामने खेळू शकला. मान आणि खांदा यांच्यामधल्या अरुंद जागेत त्याच्या नसा दबत होत्या. शस्त्रक्रियेत एक बरगडी आणि मानेचे दोन स्नायू काढावे लागले. एप्रिल २०२४ मध्ये, वयाच्या ३५व्या वर्षी, त्याची निवृत्ती अधिकृत झाली. आता लोक म्हणतात, की इतके जपून शेवटी काय मिळाले?

एकाच निर्णयावर तीन निकाल लागले आणि तिन्ही वेळा तो निर्णय ज्या माहितीवर घेतला होता, ती कोणी पाहिली नाही. २०१२ साली डॉक्टरांना आणि रिझोंना एवढेच ठाऊक होते, की नव्याने बसवलेल्या अस्थिबंधाला पहिल्या पूर्ण वर्षात किती सोसेल याची खात्री देता येत नाही. तेवढ्यावर तो निर्णय योग्य होता, असे माझे मत आहे, आणि सेंट लुइसचा पराभव किंवा ह्यूस्टनचा विजय यांपैकी कशानेही ते बदलत नाही. म्हणूनच ‘बुमराह नसताना दोन्ही सामने जिंकलो’ हा दादाचा युक्तिवाद मला पटत नाही. बुमराहच्या पाठीवर मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली होती; जानेवारी २०२५ मध्ये, ऑस्ट्रेलियात दीडशेहून अधिक षटके टाकून ३२ बळी घेतल्यावर, सिडनीत तीच पाठ पुन्हा दुखावली आणि तो चॅम्पियन्स करंडकाला मुकला. इंग्लंडला जाताना निवड समितीसमोर हे सगळे होते.

जवानाशी केलेली तुलना मला याहून अधिक खटकते, कारण ती ऐकल्यावर पुढे बोलण्याची सोयच उरत नाही. दुखणे सांगणारा कमी देशभक्त ठरणार असेल, तर तो दुखणे सांगणार नाही. २०११ साली आपल्या झहीरने विश्वचषकात २१ बळी घेतले. अंतिम सामना २ एप्रिलला झाला आणि ८ तारखेला आयपीएल सुरू झाली. जुलैमध्ये लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी १३.३ षटके टाकून तो मांडीचा स्नायू धरून बाहेर गेला आणि आपण ती मालिका ४-० अशी हरलो. त्याच्या निष्ठेबद्दल तेव्हाही कोणी शंका घेऊ शकत नव्हते.

परदेशातले सगळे चांगले, असे मला म्हणायचे नाही. इथे प्रत्येक चेंडू मोजला जातो आणि तरीही दरवर्षी पिचरांच्या कोपरांवर शस्त्रक्रिया होतच राहतात, कारण मोजलेला प्रत्येक चेंडू आता पूर्ण ताकदीने टाकला जातो. २००८ साली वेगवान चेंडूची सरासरी ताशी ९१ मैलांच्या आसपास होती, २०२४ साली ती ९४च्या पुढे गेली. वेग दिसला तरच पोराला करार मिळतो आणि वेगापायीच त्याचे कोपर जाते. त्यामुळे नुसती षटके मोजून भागेल असे समजणाऱ्या आपल्या मंडळालाही मी पूर्ण गुण देणार नाही. खालच्या श्रेणीतल्या, म्हणजे मायनर लीगमधल्या खेळाडूंना तर २०२२ पर्यंत पातळीनुसार वर्षाला सुमारे पाच ते साडेसतरा हजार डॉलर मिळत. २०२३ साली त्यांनी संघटनेमार्फत पहिला सामूहिक करार केला, तेव्हा कुठे ही रक्कम दुप्पट किंवा त्याहून अधिक झाली.

घेण्यासारख्या गोष्टी मला दोन दिसतात. इनिंगची मर्यादा आधी जाहीर करून ती रिझोंनी स्वतःच्या नावावर घेतली, त्यामुळे शिव्या त्यांना पडल्या, खेळाडूच्या निष्ठेला नव्हे. आपल्याकडे तीनच सामने हे आधी सांगितले गेले, पण दोष मात्र बुमराहच्या वाट्याला आला. आणि इथल्या मोठ्या लीगमध्ये करार हमीचा असतो. स्ट्रासबर्गचा हात गेला तरी त्याची ठरलेली रक्कम बुडाली नाही.

बुमराहचीही बुडणार नाही, त्याच्याकडे मंडळाचा वार्षिक करार आहे. माझ्या मनात असतो तो रणजीचा वेगवान गोलंदाज. त्याचे मानधन मुख्यतः तो सामन्याचे किती दिवस खेळला यावर मोजले जाते. कमरेत कळ येत असताना त्याने संघाच्या फिजिओला ते सांगितले, तर पुढच्या सामन्याचे पैसे जातात आणि कदाचित जागाही जाते. दादाचा थोरला मुलगा सतरा वर्षांचा आहे, वेगात टाकतो, आणि त्याची कंबर दुखते हे त्याने घरी सांगण्याआधी मला फोनवर सांगितले. वडिलांना सांगू नका काका, असेही म्हणाला. मी दादाला सांगितले. मुलाला नगरच्या डॉक्टरांकडे नेले आहे. तीन महिने चेंडू हातात घ्यायचा नाही, असे त्यांनी बजावले आहे.