तेहरानचा तो फोटो, आणि फोटोत नसलेल्या बायका

इराण बातम्यांत आलं की आठवड्याभरात तो फोटो हमखास येतो. १९७० च्या दशकातलं तेहरान, आखूड स्कर्टमधल्या चार-पाच हसऱ्या तरुणी, आणि शेजारी आजच्या काळ्या चादोरमधल्या (डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकणाऱ्या वस्त्रातल्या) बायका. खाली ओळ: ‘बघा, काय होतं आणि काय झालं.’ माझ्या यादीतल्या शहाण्यासुरत्या माणसांनीही तो शेअर केलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फोटो खोटा नाही. उत्तर तेहरानच्या सुखवस्तू वस्त्यांत, विद्यापीठाच्या आवारात तेव्हा असं चित्र दिसायचंच. माझं भांडण आहे ते त्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी. शाहच्या काळी बायका मोकळ्या होत्या, मग मुल्ला आले आणि सगळं संपलं, असं आपण एका दमात म्हणून टाकतो. पण इराणी बाईच्या डोक्यावर काय असावं हे पोलिसांनी ठरवायची सुरुवात १९७९ मध्ये झालेली नाही. ती १९३६ मध्ये झाली, आणि तेव्हाचा हुकूम बरोबर उलटा होता.

८ जानेवारी १९३६ ला इराणचा तेव्हाचा राजा रझा शाह तेहरानच्या शिक्षक महाविद्यालयातल्या समारंभाला राणीला आणि मुलींना उघड्या डोक्याने घेऊन गेला. त्यानंतर रस्त्यावर चादोर घालायला बंदी आली. सरकारी अधिकाऱ्यांना समारंभांना बायकोला बिनचादोरची आणायची सक्ती झाली. पोलीस भर रस्त्यात बायकांच्या अंगावरचे चादोर ओढायचे, फाडायचे. आदल्या वर्षी, जुलै १९३५ मध्ये, मशहदच्या गोहरशाद मशिदीत लोक जमले होते ते पुरुषांवर लादलेल्या युरोपियन हॅटविरुद्ध. बायकांचा बुरखा उतरवणार ही कुणकुणही तोवर लागलेली होती. फौजेने मशिदीत गोळीबार केला, कितीतरी माणसं मेली.

याच रझा शाहने मुलींच्या शाळा वाढवल्या, तेहरान विद्यापीठाचं दार मुलींना उघडलं. ते श्रेय त्याचंच आहे. पण पोलिसाच्या हाताने केलेली सुधारणा घरात काय करते, हे मला कळलं ते इस्फहानच्या एका मुलीकडून. पुण्यात तेव्हा इराणी विद्यार्थी पुष्कळ असायचे, ही माझ्याच वर्गात होती. तिची पणजी त्या हुकुमानंतर काही वर्षं दिवसाउजेडी घराबाहेर पडलीच नाही. हमाम, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर, जवळच होता, पण रस्त्याने जायची सोय नाही. जुन्या मोहल्ल्यातल्या घरांच्या गच्च्या एकमेकींना लागून, तेव्हा अंधार पडला की बायका हातात बोचकं घेऊन गच्च्यागच्च्यांवरून जायच्या. पणजीच्या थोरल्या मुलीची शाळा त्याच वर्षी सुटली, कारण तिला उघड्या डोक्याने पाठवायला बाप तयार नव्हता. बायकांना घराबाहेर काढायला केलेल्या कायद्याने त्या घरातल्या दोन बायका घरात कोंडल्या. ‘आमच्याकडे ही गोष्ट कुणी राग म्हणून सांगत नाही, सगळ्यांना पाठ आहे इतकंच,’ ती म्हणाली होती.

१९४१ मध्ये ब्रिटन आणि सोव्हिएत फौजा इराणात घुसल्या आणि रझा शाहला गादी सोडावी लागली. (त्याला हद्दपारीत नेणारं जहाज मुंबईला आलं होतं. इंग्रजांनी त्याला उतरू दिलं नाही, तिथूनच मॉरिशसला धाडलं. मुंबईच्या इतिहासातलं हे पान आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.) तो गेल्यावर सक्ती आपोआप ढिली पडली. ज्यांना चादोर हवा होता त्यांनी तो परत घेतला, ज्यांना नको होता त्यांनी घेतला नाही.

पुढे त्याच्या मुलाच्या, मोहम्मद रझा शाहच्या काळात बायकांच्या पदरात खरंखुरं काही पडलं. १९६३ मध्ये मताधिकार मिळाला. १९६७ च्या कुटुंब संरक्षण कायद्याने तोंडी तलाक बंद होऊन घटस्फोट कोर्टात गेला, दुसऱ्या लग्नाला कोर्टाची परवानगी लागू झाली. पण सावाक या गुप्त पोलिसांच्या धाकात कुणाला तोंड उघडायची सोय नव्हती आणि १९७५ मध्ये तर देशात एकच पक्ष उरला. म्हणून १९७८ च्या मोर्च्यांत ज्या आयुष्यात चादोर घालत नव्हत्या अशा शिकलेल्या मुलीसुद्धा शाहचा निषेध म्हणून मुद्दाम चादोर घालून उतरल्या. उद्या हाच आपल्यावर लादला जाईल असं त्यांच्यातल्या बहुतेकींच्या स्वप्नातही नव्हतं.

लादला गेला, आणि किती लवकर! ११ फेब्रुवारी १९७९ ला क्रांती जिंकली. महिना पुरा व्हायच्या आत कुटुंब संरक्षण कायदा गुंडाळला गेला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात क्रांतीचे नेते आयातुल्ला खोमेनींनी सांगितलं की सरकारी कचेऱ्यांत बायकांनी हिजाबशिवाय येऊ नये. दुसऱ्या दिवशी ८ मार्च होता. तेहरानमध्ये बर्फ पडत होतं आणि हजारो बायका रस्त्यावर आल्या. परिचारिका, शिक्षिका, कचेऱ्यांतल्या कारकून, विद्यार्थिनी. ‘मागे जायला आम्ही क्रांती केली नव्हती’ ही त्यांची घोषणा. समोरून टोळकी ओरडत होती, ‘या रूसरी, या तूसरी’: डोक्यावर रुमाल घ्या, नाहीतर डोक्यात तडाखा खा. काही दिवस हे चाललं. सरकारने तेव्हा माघार घेतली, आणि मग हप्त्याहप्त्याने तेच केलं: १९८० मध्ये कचेऱ्यांत सक्ती, १९८३ मध्ये कायद्यात शिक्षा, ७४ फटके.

त्या मोर्च्याचे फोटो हेंगामे गोलेस्तान या इराणी छायाचित्रकर्तीने काढून ठेवलेत. मोकळे केस, कोट, वर केलेले हात, आरोळी देताना उघडलेली तोंडं. मला विचाराल तर फिरवायला हवेत ते हे फोटो, कारण यातल्या बायका काहीतरी म्हणतायत.

बायकांच्या बाजूने तेव्हा फार थोडे पुरुष उभे राहिले, हे मला आजही सलतं. आधी साम्राज्यवादाशी लढू, बायकांचं नंतर बघू, असं डाव्यांतल्या बऱ्याच मोठ्या गटांचं म्हणणं होतं. ते ‘नंतर’ कधी आलं नाही आणि काही वर्षांत ते स्वतःच तुरुंगात गेले. फर्रुखरू पारसा, इराणची पहिली महिला शिक्षणमंत्री, पेशाने डॉक्टर: तिला मे १९८० मध्ये गोळ्या घातल्या. शिरीन एबादी न्यायाधीश होत्या. बाईला न्यायदान करता येत नाही असं ठरल्यावर ज्या कोर्टाच्या त्या प्रमुख होत्या त्याच कोर्टात त्यांना कारकून केलं. पुढे त्यांनी वकिली केली आणि २००३ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं.

आता जी गोष्ट त्या दोन फोटोंच्या जोडीत कुठेच मावत नाही, ती सांगते. याच इस्लामी राजवटीत इराणच्या मुली प्रचंड शिकल्या. शाहच्या काळातल्या शाळेत मुलगी पाठवायला जे गावाकडचे, सनातनी बाप तयार नव्हते, त्यांना आता ‘इस्लामी’ कॉलेजबद्दल हरकत घेता येईना. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला विद्यापीठांच्या प्रवेशांत मुली मुलांच्या पुढे गेल्या. सत्तेला याची धडकी भरली. २०१२ मध्ये ३६ विद्यापीठांनी मिळून ७७ अभ्यासक्रम मुलींना बंद केले. पण तोवर दोन पिढ्या शिकून बसल्या होत्या, आणि शिकलेल्या मुलीला रस्त्यात अडवून केस झाक म्हणून सांगायला सरकारने गश्त-ए-इर्शादच्या, म्हणजे नैतिक पोलिसांच्या, गाड्या फिरवायला सुरुवात केली होती.

डिसेंबर २०१७ मध्ये तेहरानच्या एंगेलाब रस्त्यावर विदा मोवाहेद नावाची तरुणी पदपथावरच्या टेलिफोन-वायरींच्या पेटीवर चढली. डोक्यावरचा पांढरा रुमाल काढून तिने काठीला बांधला आणि नुसती उभी राहिली. तिला अटक झाली. मग दुसऱ्या पेट्यांवर दुसऱ्या मुली चढल्या. तेव्हा तिथल्या पेट्यांवर कुणाला उभं राहता येऊ नये म्हणून उतरती लोखंडी टोपणं बसवली गेली! फुटबॉलची मॅच बघता यावी म्हणून पुरुषाच्या वेशात स्टेडियममध्ये शिरू पाहणारी सहर खोदायारी २०१९ मध्ये कोर्टासमोर स्वतःला पेटवून घेऊन मेली. महिन्याभराने फिफाच्या दडपणामुळे आझादी स्टेडियमचं दार काही हजार बायकांना उघडलं.

१६ सप्टेंबर २०२२ ला महसा अमिनी गेली. सक्केझ या कुर्द गावातली बावीस वर्षांची मुलगी. घरच्यांबरोबर तेहरानला आली होती, हिजाब नीट नाही म्हणून तिला पकडलं, तीन दिवसांनी दवाखान्यात मृत्यू. बातमी फोडणाऱ्या निलुफर हमेदी आणि दफनविधीचं वार्तांकन करणाऱ्या इलाहे मोहम्मदी या दोन्ही पत्रकारांना तुरुंगात टाकलं. पुढचे काही महिने रस्त्यांवर काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मला थांबून सांगावंसं वाटतं ते सेदिगे वसमागी यांच्याबद्दल. या इस्लामी धर्मशास्त्राच्या अभ्यासक. सक्तीच्या हिजाबला शरियतमध्ये आधार नाही असं त्यांनी उघड मांडलं, स्वतः डोक्यावरचं वस्त्र काढलं आणि २०२४ मध्ये तुरुंगात गेल्या. या लढ्यात नमाज पढणाऱ्याही आहेत, चादोर घालणाऱ्याही आहेत.

म्हणूनच इराणच्या बायकांना इथल्या भांडणात दगड म्हणून वापरलं की मला चीड येते. २०२२ च्या सुरुवातीला उडुपीत हिजाब घातलेल्या मुलींना वर्गात घेतलं नाही, आणि त्याच सप्टेंबरात सुप्रीम कोर्टात कर्नाटक सरकारच्या वतीने इराणचा दाखला दिला गेला. तेहरानमधली मुलगी काढायचा हक्क मागत होती, उडुपीतली घालून शिकायचा. दोघींच्या समोर दारात उभं राहून डोकं तपासणारा माणूस होताच. मी दोघींच्या बाजूची आहे. एकीवर टाळ्या आणि दुसरीला शिव्या देणाऱ्यांनी आपल्याला नेमकं कोण आवडतं ते स्वतःला विचारावं. आणि इथल्या पुरोगामी मित्रांनो, अमेरिकेला विरोध करायचा म्हणून इराणी सरकारच्या फटक्यांवर तुम्ही जे मौन पाळता, ते १९७९ च्या त्या ‘नंतर बघू’चंच आहे.

राहिला बाहेरून सुटका करण्याचा मुद्दा. जून २०२५ च्या बारा दिवसांच्या युद्धात आपल्याकडे अनेकांनी लिहिलं की आता इराणच्या बायका मोकळ्या होतील. २३ जूनला इस्रायलने एविन तुरुंगावर बॉम्ब टाकले. एविन म्हणजे जिथे याच चळवळीतल्या बायका वर्षानुवर्षं कोंडलेल्या आहेत तो तुरुंग. इराणच्या न्यायखात्याने सांगितलेल्या आकड्याप्रमाणेच सत्तरहून अधिक माणसं मेली, त्यांत कैदी होते आणि भेटीला आलेले नातेवाईकही. त्याच्या थोडंच आधी शिरीन एबादी, मानवाधिकार कार्यकर्त्या नर्गिस मोहम्मदी आणि इतर काहींनी मिळून एक निवेदन काढलं होतं. सरकारने युरेनियमचं समृद्धीकरण थांबवावं आणि युद्ध ताबडतोब थांबावं, अशा दोन्ही मागण्या त्यात एकत्र होत्या. नर्गिस मोहम्मदींना नोबेल जाहीर झालं तेव्हा त्या एविनमध्येच होत्या. त्यांच्यापेक्षा इराणच्या बायकांचं हित आपल्याला जास्त कळतं असं मानायला मी तरी तयार नाही.