वर्षावास आणि पंचगंगेचं पाणी

सर्वांना जय भीम.

वर्षावास म्हणजे पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी मुक्काम करायचा काळ. तो आषाढ पौर्णिमेला सुरू होतो, आश्विन पौर्णिमेला संपतो. आपल्या कोल्हापुरात पुराचे दिवसही नेमके हेच. विहारात संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालू असतं आणि दर थोड्या वेळानं कुणीतरी मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत असतं. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. हे आता पोराटोरांनाही पाठ झालंय.

जिथं माणसं रोज जमतातच, तिथंच पुराची तयारी का होऊ नये?

त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी विचारलंय, की बुद्धांनी भिक्खू कशासाठी घडवला? स्वतःपुरता परिपूर्ण माणूस म्हणून, की लोकांचा सेवक म्हणून? नुसता परिपूर्ण भिक्खू धम्मप्रसाराच्या कामाचा नाही, असं ते स्पष्ट लिहितात. आणि विनयपिटकातला, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातला, तो आजारी भिक्खू आठवा. जुलाबानं घाणीत पडलेला, आणि मी कुणाच्या उपयोगी पडलो नाही म्हणून माझ्याकडं कुणी बघत नाही, असं सांगणारा. बुद्धांनी स्वतःच्या हातानं पाणी ओतलं, त्यांचा शिष्य आनंद यानं त्याला धुतलं, दोघांनी उचलून खाटेवर ठेवलं. मग बुद्धांनी संघाला सांगितलं, ज्याला माझी सेवा करायची आहे त्यानं आजाऱ्याची करावी. व्हिएतनामच्या युद्धात तिथले भिक्खू थिच न्हाट हान्ह यांच्यासोबतची तरुण पोरं बॉम्बनं उद्ध्वस्त झालेली गावं पुन्हा उभी करत होती, तीही हीच वाट.

2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. मदतीचे ट्रकच्या ट्रक आले, त्या माणुसकीचं ऋण आपल्यावर आहेच. पण जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले, हेही आपण पाहिलंय. 2021 च्या पुरानंतर एका घरातला चिखल काढताना दोरीवर चिमट्यांनी वाळत घातलेलं रेशनकार्ड दिसलं. खाली आजी बसलेली, हातात डायबेटिसच्या गोळ्यांची भिजलेली पाकिटं. तांदळाची पिशवी तिला मिळाली होती. गोळ्यांचं कुणी विचारलंच नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच, की करुणेला वही लागते. कुठल्या घरात डायलिसिसचा पेशंट आहे, कोण अंथरुणाला खिळलंय, कोण बाळंतपणाला आलीय, कुणाला कुठली गोळी रोज लागते, पाणी वाढलं की कुणाला कोण उचलणार. वहीत नाव लिहिताना जात-धर्म बघायचा नाही, गल्लीतलं प्रत्येक घर त्यात यायला हवं. वाचन संपल्यावर पंधरा मिनिटं पुरतात.

आषाढ पौर्णिमेच्या आधी आपापल्या विहारात हा विषय काढा. आमच्याकडं ज्यांना यायचंय त्यांनी खाली कमेंट करा, पहिल्या रविवारी घरोघरी फिरायचं आहे.