वॅटने वॅटला नाव दिलं नाही

व्हॉट्सॲपवर सध्या फिरणाऱ्या एका मजकुराचं सार असं: जेम्स वॅटने वाफेचं इंजिन शोधलं, विजेच्या शक्तीच्या एककाला त्याने स्वतःचंच नाव देऊन टाकलं, एक हॉर्सपॉवर म्हणजे घोडा जास्तीत जास्त लावू शकेल तेवढी शक्ती, आणि लाइट बिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॅट. दावे चार, चारही चुकीचे.

इंजिनाचं लवकर आटपू. थॉमस न्यूकोमेनचं इंजिन १७१२ पासून इंग्लंडच्या खाणींतलं पाणी उपसत होतं आणि वॅट जन्मला १७३६ साली. वाफ थंड करायला सिलिंडरबाहेर वेगळं पात्र बसवून त्याने कोळशाचा खप खूप खाली आणला. त्याचं पेटंट १७६९ चं. सुधारणा मोठीच, पण सुधारणाच.

नावाचा दावा तर तारखांनीच पडतो. वॅट १८१९ मध्ये वारला. व्होल्टाची पहिलीवहिली बॅटरी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. विजेची शक्ती मोजायची गरज कुणाला पडलेली नव्हती. ती पडली १८८० च्या आसपास, दिवे आणि डायनामो विकायला लागल्यावर. १८८१ च्या पॅरिसच्या विद्युत परिषदेने व्होल्ट आणि अँपिअर ठरवले, पण त्यांचा गुणाकार, म्हणजेच विजेची शक्ती, बिननावाचाच राहिला. ऑगस्ट १८८२ मध्ये साउदॅम्प्टनला ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या अध्यक्षीय भाषणात इंजिनिअर विल्यम सीमेन्सने त्यासाठी ‘वॅट’ हे नाव सुचवलं. शक्तीची स्पष्ट कल्पना आणि ती मोजायची रीत वॅटने दिली, हे त्याचं कारण. १८८९ मध्ये पॅरिसच्याच पुढच्या परिषदेने ते मान्य केलं. (‘सीमेन्स’ नावाचंही एकक आहे, पण ते विल्यमच्या नव्हे, त्याचा थोरला भाऊ वेर्नरच्या नावाचं.)

आता घोडा. खाणमालकांकडून वॅट आणि त्याचा भागीदार बोल्टन जुन्या इंजिनाच्या मानाने वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा घेत. पण ज्या गिरणीत जुनं इंजिन नव्हतंच, नुसते घोडे जुंपलेले होते, तिथे वाचला कोळसा कुठला? म्हणून ‘हे इंजिन इतक्या घोड्यांचं काम करील’ असं सांगावं लागलं. त्याने हिशेबाला धरलेला आकडा मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड (एक पाउंड वजन एक फूट उचलणं म्हणजे एक फूट-पाउंड); आजच्या मापात सुमारे ७४६ वॅट. हा दिवसभर राबणाऱ्या घोड्याच्या कामाचा वेग आहे, तोही सढळ हाताने धरलेला. काही क्षणांपुरता घोडा जवळजवळ १५ हॉर्सपॉवर देऊ शकतो, असा अंदाज १९९३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आला होता. म्हणजे ‘जास्तीत जास्त’ हा शब्दच मुळात चुकला. शिवाय युरोपातला मेट्रिक हॉर्सपॉवर ७३५.५ वॅटचा, थोडा हलका. आपल्याकडे शेतीपंपाच्या पाटीवर ‘५ एचपी, ३.७ किलोवॅट’ असतं, ते ७४६ च्या हिशेबाने. महाराष्ट्रात २०२४ साली शेतीपंपांच्या मोफत विजेची मर्यादाही साडेसात एचपी अशीच ठरली, किलोवॅटमध्ये नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र युनिटची. वॅट ही शक्ती, म्हणजे वीज खर्च होण्याचा वेग. युनिट ही खर्च झालेली ऊर्जा. १००० वॅटचा गिझर तासभर चालला तर एक युनिट, पंधरा मिनिटांत बंद केला तर पाव. १० वॅटच्या एलईडीला तेच एक युनिट जाळायला १०० तास लागतात. ‘युनिट म्हणजे १००० वॅट’ यात तासच गायब आहे. ‘किलोवॅट प्रति तास’ हेही चूकच. इथे भागाकार नसून गुणाकार आहे. ब्रिटनमध्ये या किलोवॅट-तासालाच ‘बोर्ड ऑफ ट्रेड युनिट’ म्हणत. त्यात ना वॅटचं नाव, ना कुठल्या शास्त्रज्ञाचं, नुसतं एका सरकारी खात्याचं.