म्हणे चाळीस दिवसांनंतर सगळं फुकट

परवा दाजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. "थायलंडमध्ये वर्षभर राहा, व्हिसाची कटकट नाही!!" खाली पाच मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी बरोबरची खूण, शेवटी "अत्यंत माहितीपूर्ण, पुढे पाठवा". एरवी मी असलं काही उघडूनही बघत नाही. पण पाच मिनिटांत ताईचा फोन. "अरे, मग आपला पोरगा तिकडेच राहू शकतो की! उगाच परतीचं तिकीट काढायला लावलं आपण त्याला."

भाचा दोन महिन्यांसाठी चियांग माईला गेलाय. लॅपटॉपवर व्हिडिओ एडिटिंगची कामं घेतो. मी स्वतः बँकॉकमध्ये सहा वर्षं नोकरी केली, रीतसर वर्क परमिटवर, दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवत. त्यामुळे तो मेसेज वाचून डोकं फिरलं, आणि सगळ्यात जास्त फिरलं ते पाचव्या मुद्द्यावर. म्हणून तोच आधी घेतो.

तो असा: "मुदत संपली तरी घाबरू नका. दंड दिवसाला फक्त 500 बाट, आणि जास्तीत जास्त 20,000. म्हणजे 40 दिवसांनंतर पुढचे सगळे दिवस फुकट!"

गुणाकार बरोबर आहे. 500 गुणिले 40, वीस हजार. म्हणूनच लोकांना तो पटतो. पण हा वीस हजारांचा आकडा आला कुठून, हे कुणी विचारलं का? थायलंडचा इमिग्रेशन कायदा 1979 चा आहे. त्याचं कलम 81 सांगतं, की परवानगीशिवाय किंवा परवानगी संपल्यावर देशात राहिलेल्या परदेशी माणसाला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा 20,000 बाटपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे ही गुन्ह्याची शिक्षा आहे, लॉजचं भाडं नाही. मेसेजवाल्याने वाक्यातला दंड उचलला आणि कैद गाळली. असं वाचायचं ठरवलं तर कुठलाही कायदा सवलतीची जाहिरात वाटेल.

एक-दोन दिवस चुकून जास्त झाले, विमानतळावर गेलात, काउंटरवर पैसे भरलेत, पावती घेतलीत, की बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. हे मी बघितलंय, नाही म्हणत नाही. पण "40 दिवसांनंतर फुकट" म्हणणारा माणूस एक-दोन दिवसांबद्दल बोलत नाहीये. 20 मार्च 2016 पासून तिथे प्रवेशबंदीचे नियम लागू आहेत. आपणहून विमानतळावर गेलात आणि मुदतीच्या वर 90 दिवसांहून जास्त राहिलेले निघालात, तर एक वर्ष बंदी. वर्षाच्या वर गेलात तर तीन वर्षं, तीनच्या वर पाच, पाचच्या वर दहा. दंड भरायचा तो वेगळाच.

आणि हे सगळं आपणहून जाणाऱ्यांसाठी. पकडले गेलात तर तक्ता बदलतो. तिथे एका दिवसाचा ओव्हरस्टे, म्हणजे मुदतीच्या वरचा मुक्काम, असला तरी पाच वर्षं बंदी, वर्षाहून जास्त असेल तर दहा. चियांग माईत भाड्याची स्कूटर घेऊन फिरणाऱ्यांना पोलिसांच्या नाकाबंद्या काही नवीन नाहीत. हेल्मेट नाही म्हणून थांबवतात, लायसन्स मागतात, मग पासपोर्ट. शिक्क्यावरची तारीख कालची असेल तर हेल्मेटचा विषय बाजूला पडतो. पुढे कोठडी, कोर्ट, आणि मग इमिग्रेशनच्या डिटेन्शन सेंटरमध्ये मुक्काम. परतीचं तिकीट आपल्याच पैशांनी, आणि ते निघेपर्यंत आत. तेवीस वर्षांच्या पोराला हे "फुकट" म्हणून सांगायचं? दाजी, तुम्ही वाचून पाठवलंत की न वाचता?

आता पहिला आणि दुसरा मुद्दा एकत्रच घेतो, कारण ते एकच आहेत: "60 दिवस झाले की शेजारच्या देशात जाऊन या, नवे 60 मिळतात. कितीही वेळा. कायद्यात मर्यादा नाही, त्यामुळे अधिकारी नाही म्हणू शकत नाही."

इथे थोडं मान्य करावं लागतं, नाइलाज आहे. भारतीयांना 15 जुलै 2024 पासून व्हिसाशिवाय 60 दिवसांची सवलत मिळाली, आणि विमानाने वर्षात किती वेळा यायचं याचा ठरावीक आकडा कायद्यात लिहिलेला नाही. पहिल्या आतबाहेरला सहसा कुणी काही विचारत नाही. या हेलपाट्यांवर वर्षानुवर्षं काढलेली माणसं मला माहीत आहेत.

पण जमिनीवरच्या नाक्यांना आकडा आहे. 31 डिसेंबर 2016 पासून तिथून व्हिसाशिवायचा प्रवेश कॅलेंडर वर्षात दोनदाच. आणि "अधिकारी नाही म्हणू शकत नाही" हे तर साफ खोटं. त्याच 1979 च्या कायद्याच्या कलम 12 मध्ये प्रवेश नाकारण्याच्या कारणांची यादी आहे. उदरनिर्वाहाचं साधन दिसत नाही हे त्यातलं एक, ठरवून दिलेली रक्कम जवळ नाही हे दुसरं. ती रक्कम माणशी 20,000 बाट. (पुन्हा तोच आकडा. दंडासाठी आहे म्हणणाऱ्यांनी तो खिशात तरी ठेवावा.) त्यावर नोव्हेंबर 2025 मध्ये थाई इमिग्रेशनने जाहीर केलं, की सबळ कारण नसताना दोनपेक्षा जास्त व्हिसा रन, म्हणजे असले सीमेपलीकडचे हेलपाटे, दिसले तर आत घ्यायचं नाही. त्या वर्षात तोवर सुमारे 2,900 जणांना याच कारणावरून परत पाठवल्याचंही त्यांनी सांगितलं.

मुळात गोंधळ शब्दाचा आहे. व्हिसाची गरज नाही म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. पर्यटक म्हणून आलात, तर समोरचा माणूस दर वेळी नव्याने ठरवतो की तुम्ही पर्यटक दिसता का. एका सीमानाक्यावर माझ्या पुढे एक गोरा माणूस उभा होता. पाठीवर छोटी सॅक, बाकी सामान काही नाही. अधिकारी बाईंनी त्याचा पासपोर्ट पहिल्या पानापासून चाळायला घेतला. प्रत्येक थाई शिक्क्यावर पेन्सिलीचं मागचं टोक टेकवत, ओठांतल्या ओठांत मोजत. अर्ध्यावर थांबल्या, वर बघितलं आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही राहता कुठे?" त्याने हॉटेलचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "हॉटेल नाही. घर." त्याला उत्तर सुचेना. पुढे त्याचं काय झालं ते मी बघितलं नाही, माझा नंबर दुसऱ्या खिडकीवर लागला.

"त्यांना पर्यटक हवेत, ते कशाला अडवतील" असंही मध्येच एक वाक्य आहे. 2024 मध्ये 21 लाखांहून जास्त भारतीय थायलंडला गेले. त्यातला एक परत पाठवला तर कुणाचं काय अडतं?

तिसरा मुद्दा, "पोइपेटला सकाळी जा, दुपारी परत". पोइपेट म्हणजे सीमेला लागून असलेलं कंबोडियाचं गाव. मेसेज किती शिळा आहे ते यावरून कळावं. थायलंड-कंबोडिया तंट्यामुळे तिथले जमिनीवरचे नाके जून 2025 मध्येच पर्यटकांना बंद झाले. त्याच मुद्द्यात "एजंट पासपोर्ट नेऊन शिक्का आणून देतो" असंही आहे. आपण खोलीत आणि पासपोर्ट सीमेवर, असा शिक्का म्हणजे बनावट शिक्का. याहून जास्त काय लिहू?

चौथा: "लॅपटॉपवरचं काम हे काम नाही, इंग्रजी शिकवून रोख पैसे घेतले तरी चालतं." शिकवण्याचं अजिबात चालत नाही. वर्क परमिटशिवाय काम केलं तर 5,000 ते 50,000 बाट दंड आणि हकालपट्टी. लॅपटॉपचं म्हणाल, तर कॅफेत बसून भारतातल्या क्लायंटचं काम करणाऱ्याला कुणी उठवायला येत नाही, हे खरं. पण नाक्यावर "इथे काय करता?" या प्रश्नाला "ऑनलाइन काम" हे उत्तर पर्यटकाचं नव्हे. अशा लोकांसाठीच तर थायलंडने जुलै 2024 मध्ये डीटीव्ही नावाचा व्हिसा काढला. पाच वर्षांचा, एका प्रवेशावर 180 दिवस, फी 10,000 बाट, खात्यात पाच लाख बाट दाखवायचे, आणि अर्ज थायलंडच्या बाहेरून करायचा. पाच लाख बाट ही आमच्या भाच्यासाठी मोठी रक्कम आहे. नसतील तर नाही, मग दोन-तीन महिने राहून परत यायचं.

ताईला म्हटलं, हे सगळं राहू दे, त्याच्याकडून शिक्क्याचा फोटो तेवढा मागव. फोटो आला, तिरका, अंगठ्यासकट. मुदत संपायला नऊ दिवस होते. साहेब मनात अकरा धरून बसले होते, कारण उतरल्याचा दिवस पहिला धरतात हे त्यांना माहीतच नव्हतं, आणि वर एक दिवस मोजण्यात गेला. त्याला लिहिलं: टीएम 7 फॉर्म (मुदतवाढीचा अर्ज), एक फोटो, पासपोर्टच्या झेरॉक्स, राहत्या जागेचा पत्ता आणि 1,900 बाट रोख. सोमवारी सकाळी साडेआठच्या आधी इमिग्रेशनच्या दारात उभा राहा, 30 दिवस वाढवून माग. परतीचं तिकीट पुढच्या महिन्यावर ढकल, रद्द करू नकोस.

दाजींनी मेसेज अजून डिलीट केलेला नाही.